केसपेपरवरचे दोन शब्द आणि पहाटेपर्यंतचे तास

रातपाळी (धागाकर्ता)

कॅज्युअल्टीत काम करणाऱ्याला 'एखादी विचित्र केस सांगा' असे म्हटले, की तो बहुधा गिळलेले नाणे, नाकात अडकलेला वाटाणा किंवा कानात शिरलेली गोम यांवर वेळ मारून नेतो. मला येथे वेगळ्या प्रकारच्या विचित्र रुग्णांविषयी लिहायचे आहे. हे रुग्ण दारातून आत येताना अगदी साधे दिसतात, केसपेपरवर दोन शब्दांचे निदान घेऊन कोपऱ्यातल्या खाटेवर पडून राहतात, आणि पुढच्या दोन-तीन तासांत कोणी त्यांच्याकडे पुन्हा पाहिले नाही, तर दगावतात. तालुक्याच्या रुग्णालयांत आणि पुढे शहरातल्या अतिदक्षता विभागात मिळून पंधरा-सोळा वर्षे रात्रपाळ्या केल्यावर माझे मत असे झाले आहे, की पहिल्या दहा मिनिटांत निदान चुकणे क्षम्य आहे. ते निदान पहाटेपर्यंत कोणीही पुन्हा तपासून पाहू नये, हे मात्र क्षम्य नाही.

ऑगस्टमधली रात्र होती आणि कोकणातले एक ग्रामीण रुग्णालय. पहाटे सव्वाचारच्या सुमारास एकोणीस वर्षांचा मुलगा पोटदुखी आणि उलट्यांसाठी आला. आदल्या रात्री वाडीत कोणाकडे तरी बाराव्याचे जेवण होते, त्यामुळे 'अन्नातून विषबाधा' हे निदान आम्हाला आयतेच मिळाले. पोट मऊ होते, ताप नव्हता, नाडी थोडी जलद होती. मी सलाईन आणि उलटीचे इंजेक्शन लिहून दिले आणि मोटारसायकलवरून पडलेल्या दोघांकडे वळलो. साडेपाचला सिस्टर त्याची बाटली बदलायला गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "सर, तो मुलगा नाकात बोलतोय."

त्याची आई म्हणाली, की रात्रभर झोप नाही, म्हणून डोळे मिटतायत. मी त्याला उशीवरून मान उचलायला सांगितले. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, खांदे ताणले, पण डोके उशीवरून हलले नाही. एका दमात आकडे मोजायला सांगितले, तेव्हा तो सतरापर्यंत पोहोचला आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजायला लावले, तेव्हा नऊवर थांबला. मग सुचायला हवा होता तो प्रश्न सुचला. तो पडवीत, जमिनीवर, चटई टाकून झोपला होता. अंगावर दातांची खूण कुठेही सापडली नाही, सूज नव्हती, वेदना नव्हती. हा मण्यारीचा दंश होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि दात इतके बारीक असतात की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. या क्रमात 'साप' हा शब्द कुठेच येत नाही. त्यामुळे अशा रुग्णांवर पोटदुखी, पक्षाघात, 'मानसिक' असे शिक्के बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणीही येथे दगा देते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, मण्यारीच्या विषाने तसे होत नाही. त्यामुळे नळीत रक्त छान गोठलेले पाहून 'साप नव्हता' असे म्हणणारा डॉक्टर चाचणी बरोबर करूनही चुकतो.

त्याला प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या दिल्या, घशात नळी घातली आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतून फुगा दाबत मोठ्या रुग्णालयात नेले. येथपर्यंतची गोष्ट सुखान्त वाटेल. परंतु मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकाची, म्हणजे स्नायूला संदेश देणारे रसायन जिथे साठवलेले असते त्या जागेचीच, नासधूस करते. झालेली नासधूस प्रतिविषाने भरून निघत नाही. ते टोक पुन्हा घडावे लागते आणि त्याला दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, प्रकाशाला प्रतिसाद नव्हता, चिमटा काढला तरी बोट हलत नव्हते. तिथल्या कनिष्ठ डॉक्टरने वडिलांना खाटेशेजारी उभे राहूनच सांगितले, की मेंदू गेलेला दिसतो, खर्च वाढवू नका. मी फोनवर वरिष्ठांशी बोललो, त्यांनी व्हेंटिलेटर चालू ठेवला, आणि सहाव्या दिवशी पायाचा अंगठा हलला.

तीन आठवड्यांनी तो मुलगा स्वतःच्या पायांनी मला भेटायला आला. त्याने मला विचारले, "सर, ते 'खर्च वाढवू नका' म्हणाले, तेव्हा बाबा काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ते काय म्हणाले होते?"

तो पूर्ण शुद्धीवर होता. सगळे ऐकत होता.

अशा नोंदी तुमच्याकडेही असतील. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते, रुग्ण, नातेवाईक, सर्वांनी लिहावे. रुग्णालयाचे किंवा माणसाचे नाव कृपया लिहू नये.

शुभ्रा

मी बावीस वर्षे परिचारिका आहे, त्यांपैकी नऊ वर्षे अपघात विभागात. धागा वाचताना माझे लक्ष एकाच वाक्यावर अडले: 'सर, तो मुलगा नाकात बोलतोय.' हे वाक्य बोलणारी सिस्टर त्या पाळीत होती आणि ते ऐकून उठणारे डॉक्टर त्या पाळीत होते, या दोन योगायोगांवर तो मुलगा वाचला. आमच्या अनुभवात पहिला योग पुष्कळदा जुळतो. दुसऱ्याविषयी मी तसे म्हणणार नाही. 'सिस्टर, मी पाहिलंय त्याला' हे उत्तर मी किती वेळा ऐकले, याची मोजदाद नाही.

तुमच्या 'मान उचला'वरून मला विदर्भातले दिवस आठवले. कीटकनाशक पोटात गेलेले किंवा फवारताना श्वासातून, कातडीतून अंगात भिनलेले रुग्ण आमच्याकडे कपाशीच्या हंगामात रांगेने येत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. त्याआधी आणि त्यानंतरही वॉर्डात तेच रुग्ण होते. पहिल्या रात्री सगळे सावध असतात. तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर, आणि या विषावर उतारा म्हणून दिल्या जाणाऱ्या अ‍ॅट्रोपीनच्या एकेक कुपीत ०.६ मिलिग्रॅम, त्यामुळे फोडलेल्या काचांचा ढीग ट्रेमध्ये साचलेला. दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसतो, चहा मागतो, नातेवाईक डिस्चार्ज विचारू लागतात. धोक्याची वेळ खरी तीच असते. साधारण एका दिवसापासून चार दिवसांपर्यंत केव्हाही या रुग्णांचे श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात, आणि त्याची पहिली खूण असते उशीवरून मान न उचलणे.

आमच्या एका जुन्या इन्चार्ज सिस्टर औषधांच्या फेरीत प्रत्येक विषबाधेच्या रुग्णाला 'बाळा, मान वर कर' असे म्हणत. आम्ही नव्या मुली हसत असू. त्यांना त्यामागचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते, पण एके वर्षी दोन माणसे त्यांच्या या सवयीमुळे वेळेत व्हेंटिलेटरवर गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र केसपेपरवर मानेची नोंद करायला रकाना नव्हता. नाडी, रक्तदाब, तापमान, लघवी या सगळ्यांना रकाने होते. ज्याला रकाना नाही ते पाळी बदलताना पुढच्या माणसापर्यंत पोहोचत नाही, आणि रात्री आठ वाजता हँडओव्हर देणारी मुलगी सकाळपासून उभी असते.

साशंक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. धागा प्रामाणिक वाटला म्हणून लिहितो, परंतु थोडे कडू लिहिणार आहे.

'पहिल्या दहा मिनिटांत निदान चुकणे क्षम्य आहे' हे डॉक्टरांनी म्हणणे सोपे आहे. माझ्या वडिलांना चार वर्षांपूर्वी न्यूमोनियासाठी एका खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले होते. त्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन आम्ही घरून सोबत नेले होते, पेनमधले काडतूस. पेनची सुई घरी राहिली, म्हणून तिथल्या मुलाने त्या काडतुसातून साध्या सिरिंजने २० युनिट ओढले आणि दिले. दीड तासाने वडील घामाने निथळले, बडबडू लागले, मग बोलेनासे झाले. साखर ३४ निघाली. ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले. आम्हाला सांगण्यात आले, की 'वयामुळे शरीर इन्सुलिनला जास्त प्रतिसाद देते'. पुढे माझ्या मेहुणीने, जी दंतवैद्य आहे, त्या सिरिंजच्या टोपणाचा रंग विचारला, तेव्हा मला प्रकार कळला. केसपेपरवर मात्र 'हायपोग्लायसेमिया' एवढाच शब्द आहे. तो कोणामुळे झाला, हे कुठेही लिहिलेले नाही.

माझा आक्षेप चुकीला नाही. ती लपवली गेली, याला आहे. वैद्यकीय मंडळी आपसांत अशा चुकांना 'रुग्णसुरक्षेचे आव्हान' म्हणतात आणि आमच्यासमोर 'वयामुळे' म्हणतात.

औषधपेटी

साशंक यांच्या वडिलांच्या बाबतीत काय झाले असावे, ते मी औषधविक्रेता म्हणून सांगू शकतो, कारण ही चूक आमच्या काउंटरवरूनही होते.

आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुतांशी मिलिलीटरला ४० युनिट या ताकदीचे मिळते, तर पेनची काडतुसे १०० युनिटची असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलीटर. तोच अर्धा मिलिलीटर १०० च्या काडतुसातून ओढला, तर अंगात ५० युनिट जातात, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या अडीच पट. उलट चूक झाली, तर २० च्या जागी फक्त ८ युनिट जातात. तेव्हा साखर उतरत नाही, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि मग घरी एखाद्या दिवशी योग्य सिरिंज हाती लागते तेव्हा रुग्ण कोसळतो. ही दुसरी तऱ्हा मला अधिक भीतिदायक वाटते, कारण तिथे चूक आणि परिणाम यांत कित्येक आठवड्यांचे अंतर असू शकते.

लाल आणि नारिंगी हे रंग रात्रीच्या पिवळ्या दिव्यात शेजारी ठेवून पाहा. हा संकेत दिवसाउजेडी बसून ठरवलेला असणार, असे मला नेहमी वाटते. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढूच नये, हा सर्वांत सोपा नियम आहे. घरच्यांनी रुग्णालयात जाताना पेनबरोबर सुया न्याव्यात, आणि डॉक्टरांनी लिहिताना 'यू' हे अक्षर न लिहिता 'युनिट' हा शब्द पुरा लिहावा, कारण घाईत लिहिलेला 'यू' शून्यासारखा वाचला जातो आणि ४ चे ४० होतात.

रातपाळी

साशंक, तुमचा कडवटपणा रास्त आहे. तुमच्या वडिलांना जे झाले ते तुम्हाला त्याच रात्री, त्याच शब्दांत सांगायला हवे होते.

ते का सांगितले जात नाही याची कारणे मी देतो. ही सबब समजू नका. पहिले कारण मारहाणीची भीती. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, पण रात्री दोन वाजता दाराशी जमलेल्या वीस माणसांना त्याचे कलम वाचून दाखवता येत नाही. दुसरे कारण फौजदारी खटल्याची भीती. येथे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केलेले आहे, की साधी चूक किंवा अंदाज चुकणे आणि घोर निष्काळजीपणा या वेगळ्या गोष्टी आहेत आणि गुन्हा दुसऱ्याच गोष्टीचा ठरतो. परंतु हा निकाल बहुतेक कनिष्ठ डॉक्टरांनी फक्त ऐकलेला असतो. तिसरे कारण मला सर्वांत लाजिरवाणे वाटते: आपली चूक कोणाला सांगायची असते हेच आम्हाला शिकवलेले नसते. मी शिकत होतो तेव्हा मृत्यूंच्या आढावा बैठकीत 'चुकले कोण' हा प्रश्न पहिला असे, आणि ते नाव सापडले की बैठक संपे. लाल-नारिंगी टोपणे एकाच डब्यात का ठेवली होती, हे विचारायला कोणी उरत नसे.

त्या मुलाला सिरिंज देणारा डबा आजही तसाच असेल, तर तुमच्या वडिलांनंतर आणखी कोणाला तरी अडीच पट मात्रा मिळालेली असणार.

गुंगी

मी भूलतज्ज्ञ आहे. 'भूल' या शब्दाचे दोन्ही अर्थ आमच्या व्यवसायाला लागू पडतात, हे आमच्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकवून दाखवलेले असते, म्हणून पुन्हा ऐकवत नाही.

येथपर्यंतच्या उदाहरणांत माणसाने माणसाकडे नीट पाहिले नाही. मला यंत्रावर विश्वास ठेवण्याच्या दोन उदाहरणांची भर घालायची आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनाच्या काळात घराघरांत पोहोचला आणि त्यावरचा आकडा ब्रह्मवाक्य झाला. तो आकडा दोन दिशांनी खोटे बोलतो.

जानेवारीतली सकाळ, पुण्यातली सदनिका, बंद न्हाणीघर आणि आत लावलेला गॅस गीझर. चोवीस वर्षांची मुलगी आंघोळीला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दार तोडले तेव्हा ती जमिनीवर पडलेली, हातपाय झटकलेले, कपडे ओले. आमच्याकडे आणली तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती, डोके धरून ओकत होती, आणि निदान होते 'फिट'. मेंदूचा स्कॅन ठीक होता. ऑक्सिमीटरवर ९९ होते. फिटचे औषध देऊन तिला निरीक्षणाखाली ठेवावे, असे ठरतच होते. एवढ्यात तिची धाकटी बहीण, जी दार तोडून आत शिरली होती, म्हणाली की माझेही डोके भणभणते आहे. एका घरातल्या दोघींना एकाच सकाळी फिट आणि डोकेदुखी होत नसते. हा कार्बन मोनॉक्साइड होता. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनहून कितीतरी घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्या दोहोंतला फरक दिसत नाही. ऑक्सिजनने भरलेले रक्त समजून तो ९९ दाखवत राहतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. घट्ट मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर साधारण तास-दीड तास. म्हणजे आकडा ९९ असताना ऑक्सिजन लावणे हाच उपचार होता, आणि आकडा पाहून आम्ही तो लावलेलाच नव्हता.

दुसरी दिशा. एक मध्यमवयीन गृहस्थ, ओठ आणि नखे निळसर-करडी, ऑक्सिमीटरवर ८५. ऑक्सिजन वाढवला, ८५. आणखी वाढवला, ८५. छातीचे चित्र स्वच्छ होते, आणि माणूस दमलेला असला तरी वाक्ये पूर्ण बोलत होता. नळी घालायची तयारी सुरू झाली. रक्त तपासायला घेतले, तेव्हा सिरिंजमध्ये चॉकलेटच्या रंगाचे रक्त आले, आणि हवेत धरून हलवले तरी लाल झाले नाही. घरात कोणाच्या तरी कुष्ठरोगाच्या उपचारातल्या डॅप्सोनच्या गोळ्या होत्या आणि यांनी त्या मूठभर घेतल्या होत्या. अशा वेळी हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे स्वरूप बदलते, ते ऑक्सिजन वाहू शकत नाही, आणि ऑक्सिमीटर गोंधळून ८५ च्या आसपास अडकून बसतो. वजनाच्या किलोला १ ते २ मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू हळूहळू शिरेतून दिले आणि त्यांचा रंग आमच्या डोळ्यांदेखत पालटला. हे औषध देण्याआधी 'जी-सिक्स-पीडी' या विकराची कमतरता आहे का, याचा विचार करावाच लागतो, आणि डॅप्सोन शरीरात दीर्घकाळ राहत असल्याने मात्रा पुन्हा द्यावी लागू शकते. त्यांना दुसऱ्या रात्री पुन्हा द्यावी लागली.

ऑक्सिजन वाढवूनही न हलणारा आकडा दिसला, तर मी आता आकड्याऐवजी सिरिंजमधल्या रक्ताच्या रंगाकडे पाहतो.

थेम्सकाठी

मी ठाण्याचा, गेली बारा वर्षे इंग्लंडमध्ये तातडीच्या वैद्यकाचे काम करतो. 'तुमच्याकडे सगळे छान' असा सूर येण्याआधीच सांगतो, की येथेही रुग्ण व्हरांड्यात ट्रॉलीवर तासन्‌तास पडून असतात, आणि ज्याच्याकडे पुन्हा पाहिले जात नाही असा रुग्ण तिथेच सापडतो.

पोटॅशियम क्लोराइडविषयी मात्र लिहिण्याजोगे आहे. त्याची तीव्र कुपी थेट शिरेत गेली, तर हृदय थांबते आणि परत फिरायला वाट नसते. २००२ साली येथल्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने काढलेली पहिली धोक्याची सूचना याच औषधाविषयी होती. तिच्यात 'काळजी घ्या' एवढेच लिहिले नव्हते. तीव्र कुप्या सामान्य वॉर्डांतून उचला, कुलपात ठेवा, आणि वॉर्डांना आधीच पातळ केलेल्या पिशव्या द्या, असे तिचे स्वरूप होते. जी कुपी कपाटात नाही, ती चुकून उचलता येत नाही.

मी भारतात इंटर्न असताना १० मिलिलीटरच्या पोटॅशियमच्या कुप्या आणि इंजेक्शन पातळ करायच्या पाण्याच्या कुप्या एकाच ट्रेमध्ये असत. पोटॅशियमच्या एका कुपीत २० मिलिइक्विव्हॅलंट. एकदा मध्यरात्री प्रतिजैविक विरघळवण्यासाठी मी कुपी फोडली, सिरिंजमध्ये ओढली, आणि केवळ खिडकीजवळ उजेड होता म्हणून लेबल वाचले. कोणाला काही झाले नाही, म्हणून मी ते कोणाला सांगितलेही नाही. आज बारा वर्षांहून अधिक काळानंतर पहिल्यांदा लिहितो आहे.

शुभ्रा

थेम्सकाठी, ट्रेचे वर्णन वाचून अंगावर काटा आला, कारण तो ट्रे मला ओळखीचा आहे. आमच्याकडे आता पोटॅशियमला वेगळा डबा आहे आणि तो मी स्वतः भांडून मिळवला. तोंडी ऑर्डर आली, की औषध, मात्रा आणि मार्ग मोठ्याने परत म्हणून दाखवायचे, असाही आमच्या पाळीचा नियम आहे. काही डॉक्टरांना त्याचा राग येतो. 'अ‍ॅड्रिनलीन अर्धा' एवढेच ओरडून एक डॉक्टर निघाले होते. मी 'अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत?' असे विचारले, तेव्हा ते थबकले. प्रतिसर्पविषाची रिअ‍ॅक्शन आलेल्या त्या बाईंचा रक्तदाब पडलेला होता आणि हातात सलाईनची शीर उघडीच होती. मी विचारले नसते आणि कोणी ते शिरेतून एकदम दिले असते, तर काय झाले असते, ते येथल्या डॉक्टरांना सांगायला नको.

खाडीपलीकडे

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षक आहे, रायगड जिल्ह्यातला. आमच्या लहानपणी लाल विंचू चावलेले मूल म्हणजे घरात रडारड, कारण ती मुले खरोखर जात असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे मृत्यू विंचवाच्या विषाने हृदय आणि फुप्फुसे यांवर होणाऱ्या परिणामांमुळे होतात हे रुग्णांशेजारी बसून टिपले, आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी त्यावर वापरली. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आश्चर्य एवढेच वाटले, की इतकी वर्षे का लागली.

या धाग्यावरच्या डॉक्टरांना विचारायचे आहे: विंचवाच्या रुग्णात केसपेपरवरचे पहिले दोन शब्द कोणते चुकतात?

रातपाळी

सर, उत्तम प्रश्न. तिथे चुकणारा शब्द 'शॉक' हा आहे. मूल घामाने भिजलेले, हातपाय बर्फासारखे, नाडी मनगटाशी लागत नाही. हे चित्र पाहून नवा डॉक्टर सलाईनच्या बाटल्या भराभर सोडतो. परंतु त्या वेळी पुष्कळदा रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, मोजला तर रक्तदाब वाढलेला असतो, आणि विषाच्या माऱ्याखाली थकत चाललेल्या हृदयावर आपण पाणी लादत असतो. दोन तासांनी तोंडातून गुलाबी फेस येतो. डॉ. बावस्करांची निरीक्षणे १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. त्यांत गोळी जितकी महत्त्वाची आहे, तितकीच ते रुग्णाशेजारी बसून राहिले, ही गोष्टही. गोळी दिल्यावर मुलाला उठवून बसवू नये, आडवेच ठेवावे, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो. घरच्यांनी उचलून कडेवर घेतलेले मूल मान टाकते आणि सगळे पुन्हा घाबरतात.

साशंक

माझ्या आधीच्या प्रतिसादाला सरळ उत्तर मिळाले, याबद्दल आभार. आता व्यवहाराचे विचारतो. रात्री तीन वाजता खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाने भांडण न करता नेमके काय विचारावे?

शुभ्रा

'हे औषध कशाचे आणि किती?' हे प्रत्येक इंजेक्शनच्या आधी विचारा. चांगली सिस्टर रागावत नाही. आणि रुग्णात काही बदल दिसला, तर 'बरं वाटत नाहीये' असे न सांगता दिसते तसे सांगा: आवाज बदलला, थुंकी गिळत नाही, पापणी खाली आली, लघवी झाली नाही. 'बरं वाटत नाहीये' हे आम्ही एका पाळीत शंभर वेळा ऐकतो. 'थुंकी गिळत नाही' असे कोणी म्हणाले, तर मी हातातले काम टाकून येईन.

रातपाळी

त्याला एक जोड देतो. पाळी बदलली, की नव्या डॉक्टरला सुरुवातीपासून गोष्ट पुन्हा सांगा, केसपेपरवरचे निदान न सांगता. 'फूड पॉयझनिंग झालंय' असे म्हणू नका. 'पडवीत झोपला होता, पहाटे पोट दुखायला लागलं' असे म्हणा.

पहिलीपाळी

मी सध्या इंटर्न आहे आणि हा धागा दोनदा वाचला. एक अगदी किरकोळ प्रश्न विचारते. आमच्याकडे २० मिनिटांच्या चाचणीसाठी काचेच्या नळ्याच नसतात. रक्त घ्यायच्या प्लॅस्टिकच्या नळीत ती केली तर चालते का?

रातपाळी

प्रश्न किरकोळ नाही. चालत नाही. रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागाच्या स्पर्शाने चालू होते. प्लॅस्टिकमध्ये निरोगी माणसाचे रक्तही २० मिनिटांत न गोठता राहू शकते, आणि मग ज्याला बिनविषारी साप चावला आहे त्यालाही दहा कुप्या जातात, रिअ‍ॅक्शनच्या जोखमीसकट. साबणाने धुतलेल्या काचेचेही तेच होते. नळी काचेची, नवी, कोरडी हवी, तिच्यात २ मिलिलीटर ताजे रक्त घालावे, २० मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग एकदाच कलती करून पाहावे. शंका आली, तर शेजारच्या नळीत स्वतःचे रक्त घालून ठेवावे. मी दोनदा ठेवले आहे.

नळ्या तुम्ही स्वतः विकत आणा, महाग नसतात. मी आणून डब्यात ठेवल्या, तर पहिल्या आठवड्यात आमच्या मावशींनी वापरलेल्या नळ्या प्रेमाने साबणाने घासून, पालथ्या वाळवून, नव्या नळ्यांशेजारी मांडून ठेवल्या. आता डब्यावर लाल शाईने 'धुऊ नये, टाकून द्यावे' असे लिहिले आहे. ते वाचायलाही उजेड लागतो, म्हणून डबा दिव्याखाली हलवला आहे.